दीक्षा देणार कोण?

हॅलो?… हॅलो… हो, पूर्णा. जिनिंग फॅक्टरीच हाय ही… मीच बोलायलीय, कमल. माणिकराव मुनीमांच्या घरची. आपुन कोण?… अगं नर्मदे? तू व्हय? हैदराबादहून?

थांब गं, दम घेऊ दे जरा. शिपाई सांगत आला, बाई, तुमचा ट्रंककॉल हाय. भाकरी तव्यावर टाकून पळाले… न्हाई न्हाई, शेठ गावाला गेलेत. ऑफिसात तुझे दाजीच हाईत, बोल तू. पण तू बरी हाईस ना? मी म्हणलं, बहिणीला काय झालं…

बरी हाईस. मंग ठीक.

तार मिळाली?… हो, दाजींनीच केली. मी म्हणलं, सख्खी बहीण हाय, तिला खबर नको का? आज रातच्या गाडीत बसलीस तर सकाळी पूर्णेला उतरशील. उद्या दुपारी कार्यक्रम…

काय?… आपलाच अंगद. दुसरा कोणता अंगद हाय आपल्याला?… हो, दीक्षाच. मठात. आपला धाकटा भाऊ गोसावी व्हायलाय, नर्मदे. सगळ्या वाडीनं अंगणं सारवलीत. माय तर कालपासनं रडायलीय आन् हसायलीय म्हणे…

हॅलो?… ऐकू यायलंय का? मला वाटलं फोन तुटला.

अगं ओरडू नको… ऐक ना… अगं ऐक तर… तुला कुठलं मालूम असणार, तू बाराही महिने तिकडं दवाखान्याच्या नोकरीत. अंगदचा सूर्यभान गेला तवा आलतीस तेवढंच… हो, वरीस उलटून गेलं त्याला. तवा अंगद कसा होता तू बघितलंस की. जेवण न्हाई, बोलणं न्हाई. मेंढरं कुणाच्या रानात शिरायलीत त्याचं भान न्हाई. एकच धरून बसलेला… 'शाळेत घालायचं म्हणून मी पोराला मागं ठेवलं. कळपासंगं नेलं असतं तर जगलं असतं.' पोरगं तापानं गेलं, त्यात ह्याचा काय गुन्हा? पण सांगून ऐकतो का. माती द्यायला बी न्हवता ना तो, रानोमाळ होता मेंढरं घेऊन. तेच खातंय त्याला.

कडूबाई?… न्हाई, माहेरीच हाय अजून. ती तरी काय करणार गं, तिचं बी पोरगंच होतं. भिंतीसारख्या नवऱ्यासंगं किती दिवस राहायचं बाईनं?

मंग मायनंच त्याला मठात नेऊन बसवलं. म्हणली, महादेवाच्या दारात पडून राहू दे. मठातल्या बाबांनी चिलीम दिली हातात. म्हणले, ओढ, दुःख इसरशील. आन् नर्मदे, खोटं न्हाई सांगत, त्या राती अंगद झोपला. महिन्या-दीड महिन्यांनी झोपला. मायनं बाबांच्या पायावर डोकं ठेवलं…

हो, गांजाच. चिलमीत दुसरं काय असतंय?

अगं त्याला नशा काहून म्हणतीस? शिंदी पिऊन नालीत पडणारं येगळं. हे महादेवाचं हाय. आपल्या आबांनी शिवरातीला झुरका मारलाच की. बाबा तर जन्मभर ओढायलेत, काय झालं त्यांना? अजून टेकडी चढतेत…

त्यांचं येगळं, ह्याचं येगळं? काहून येगळं?… हां… हां, ते काही दुःखात बसलेले न्हवते… व्हय, ते खरं… दुखऱ्या मनाला ते येगळंच लागतं म्हणतीस… बरं. इचार तू, मी सांगते.

किती? आधी दिस मावळला की एकदा. आता… आता सकाळी डोळा उघडला की पायजे.

झोप?… न्हाई. आता चिलमीनं बी येत न्हाई. रातभर मठाच्या पायरीवर बसून असतो. सूर्यभानची हाक ऐकू येती म्हणतो. बापा, मला नेलं न्हाईस, असं म्हणतंय म्हणे पोरगं… अगं लोक म्हणतेत दृष्टांत हाय. बाया नारळ घेऊन जातेत त्याच्याकडं. एकीनं तर पाळण्यातलं लेकरू ठेवलं त्याच्या पायावर… तो? तो काय करणार, रडतो. लोक म्हणतेत, बघा कसा कळवळा.

गांजा कुठून येतो म्हंजे? आबकारीच्या दुकानातून. निजामाच्या वक्तापासून हाय ते दुकान, चोरीचं काही न्हाई. दाजीच आणून देतेत… अगं मागतो तो. दुसरं काहीच मागत न्हाई, भाकर बी मागत न्हाई. तेवढी एक गोष्ट मागतो, तिला न्हाई कसं म्हणावं?

शिव्या देऊ नको गं… बरं, दे. दे तू.

आता मला एक सांग. तू नर्स, तुला कळतं. गांज्यानं तो असा झाला, का असा झाला म्हणून गांज्याला लागला?… दोन्ही?… म्हंजे कसं?… हं… आधी दुःख होतंच… चार दिवस चिलमीनं गुंगी आली, तेवढंच बरं वाटलं… मंग गुंगी उतरली की दुःख दुप्पट… म्हणून अजून ओढायचं… आन् उठून उभं राहायची ताकद होती ती बी जायली. हं… सगळ्यांचं तसं होत न्हाई, पण ज्याचं मन आधीच बिमार हाय, त्याला धोका… बघ, असं कुणी आमाला सांगितलंच न्हाई. तुमचे डॉक्टर सांगतेत का असं?… तुझ्या वॉर्डात येतेत असले?… बाया बी?

पण नर्मदे, आता तो बरा हाय गं. खरंच. तू उगं फिकीर करायलीस. ह्या आठवड्यात तर चेहराच पालटला. शांत. आज सकाळी आला तर हसला माझ्याकडं बघून. सूर्यभान गेल्यापासून पहिल्यांदा हसला. मी दाजींना म्हणलं बी, दीक्षा घ्यायचं ठरवलं आन् त्याच्या मनातलं दुःख गेलं…

त्याचंच तुला भ्या वाटायलंय? हसल्याचं?

अगं असं कसं बोलतीस.

काय काय दिलं?… सगळंच दिलं की वाटून. मेंढरं. पार सगळी, एक ठेवलं न्हाई. निम्मी चुलत्याकडं, निम्मी मामाकडं. म्होरका मेंढा तर त्याच्या जोडीच्या येडबा धनगराला दिला, कधी हात लावू देत न्हवता कुणाला. लोकर कापायची कातर देऊन टाकली. कडूबाईची जोडवी तिच्या माहेरी पोचती केली. आज आपली घोंगडी घेऊन आलाय दाजींसाठी… अगं गोसावी व्हायचं तर मेंढरं काय डोक्यावर घेऊन फिरायचं? वाडी म्हणायलीय, धनगराच्या घरात असा त्यागी माणूस कधी झाला न्हाई…

नर्मदे. तू रडायलीस का?

शब्द न् शब्द सांगू?… थांब, आठवू दे. म्हणला… 'अक्का, मी न्हाईच आता असं धरा. तुमच्या सगळ्यांच्या मानंवरचं ओझं उतरायलंय.' माझ्या अंगावर काटा आला. दाजी म्हणले, बघ, ह्याचं मीपण गेलं, लय थोर माणूस निघाला. मला बी तेच वाटलं. भजनात हेच तर ऐकतो आपुन…

उद्या? उद्या सकाळी नदीवर जायचं. तिथं त्याचं पिंडदान हाय… त्याचंच. त्यानंच करायचं. अगं ती रीत हाय गोसाव्यांची, तू इसरलीस का? घर सोडायच्या आधी आपले दिवस आपुनच घालायचे. संसाराला मेला, आता देवाचा झाला, असं असतंय ते. मंग गावजेवण. मायला त्यानंच सांगितलं, 'माझे दिवस आत्ताच घालून घे, नंतर तुला तरास नको'…

हो. 'नंतर' म्हणला.

…

न्हाई. न्हाई गं, तसलं तोंडातून काढू नको. आपला अंगद?… त्याच्यानं बोकड कापवत न्हाई. तो जीव… न्हाई. तू दवाखान्यात तसलीच माणसं बघून बघून तुला सगळी तसलीच दिसायलीत. मायनं ऐकलं तर जागेवर… ठिवते मी. ठिवते बघ फोन…

अं? कोण बोलायलंय मधीच?… ऑफिस? कोणतं ऑफिस?… हां, टेलिफोनवाले. न्हाई हो, येळ झाली म्हणून तोडू नका. वाढवा. तिकडून वाढवायलेत ना? वाढवा… नर्मदे, हाईस का?

हाय. बोल.

काय इचारतीस?… दीक्षा देणार कोण? बाबा देणार की. मठाचे बाबा. कान तेच फुंकणार, झोळी तेच देणार… शिवरातीला त्र्यंबकला गेलते ते. आले असतील ना… थांब, इचारते.

अहो. अहो, तो पेन ठिवा अन् इकडं बघा. मठातले बाबा आले का त्र्यंबकहून?… न्हाई?… मंग आज येणार का?… पावसाळा तिकडंच काढणार? कोण म्हणलं?… मठाचा पुजारी म्हणला? कधी म्हणला तुमाला?… परवा? आन् तुमी गप बसलात?

अहो मंग उद्या दीक्षा देणार कोण?

माझ्याकडं काय बघायलात, मी तुमाला इचारायलीय. हे सगळं कुणी ठरवलं? दिस कुणी काढला? बाबांचा निरोप कुणी आणला?… अंगदनं. आन् अंगदला कुणी सांगितलं?

… कुणीच न्हाई.

नर्मदे.

बाबा न्हाईतच गं इथं. बाबांना ह्यातलं काही ठावच न्हाई. तो म्हणला दीक्षा, आमी म्हणलं दीक्षा. मायनं मांडव घातला. वाडीनं गहू दळले. दाजींनी तार केली. एकानं बी इचारलं न्हाई, गुरूबिगर दीक्षा कशी होती म्हणून. सगळे पाया पडायला पुढं…

दिवस घालायलाय तो. खरेखुरे दिवस घालायलाय सवताचे. आन् आमी ताटं मांडायलोय.

मला बसू दे… बसले. बसले मी. दाजींनी खुर्ची दिली. त्यांचं बी तोंड पांढरंफटक पडलंय…  

हो. हो, ऐकायलीय. कुठं हाय तो?… इथंच हाय. फॅक्टरीतच. खिडकीतून दिसायलाय मला. रुईच्या गाठी रचल्यात, त्या सावलीत बसलाय. दुपारच्या पॅसेंजरनं चुडाव्याला उतरून वाडीला जाणार म्हणला. निरोप घ्यायला आलता. सकाळी माझ्या पाया पडला. आन् मी… मी काय म्हणलं मालूम हाय? मी त्याच्या डोक्यावर हात ठिवला आन् म्हणलं, सुखानं जा.

सुखानं जा म्हणलं गं मी.

न्हाई, रडत न्हाई. सांग तू. तू सांगशील तसं करते… अहो, तुमी जा बाहेर. फाटकापाशी उभे राहा. काही बोलू नका त्याला, निसते ध्यान ठिवा. अन् शिपायाला सांगा, फाटक लावून घे… हां, पाठवलं त्यांना. बोल.

मी इचारू? तोंडावर?… न्हाई गं, तसं कसं इचारावं? त्याच्या डोक्यात नसलं आन् मी इचारल्यानं आलं तर?… येत न्हाई? इचारल्यानं येत न्हाई?… उलटं हलकं वाटतं म्हणतीस… पण शब्द कसे काढू? आडून आडून इचारू का, तब्येतीचं?… सरळच?… 'जीव द्यायचं मनात हाय का' असंच? अगं बाई. मला न्हाई जमणार. तूच बोल ना त्याच्याशी. तू नर्स हाईस, तुला… त्याच्यासमोर मीच बसायला पायजे. हो. कळलं. तू तिकडून हात धरू शकत न्हाईस.

ओरडायचं न्हाई… शपथ घालायची न्हाई… मायचं काय होईल असं म्हणायचं न्हाई… चिलमीवरून आज भांडायचं न्हाई, ते डॉक्टर बघतील… बरं. आन् एकटं सोडायचं न्हाई. परसाकडंला बी दाजी संगं… बरं.

नर्मदे, पण इलाज हाय का ह्याला? खरं सांग. मनाच्या दुखण्याला डॉक्टर असतो?… बरे होऊन घरी जातेत?… तू बघितलेत डोळ्यानं?… निजामाबादकडचा मास्तर… सहा महिन्यांनी परत शाळेत?… खरंच? मला बरं वाटावं म्हणून तर न्हाई ना सांगायलीस?

बरं. बलावते.

फोन धरून ठिव, काही झालं तरी ठिवू नको. त्या टेलिफोनवाल्याला तोडू देऊ नको.

अंगद… अरे अंगद, इकडं ये जरा. आत ये… ये रे. नर्मदाचा फोन हाय… न्हाई, गाडीला येळ हाय अजून. बस. इथं बस, माझ्याजवळ… चप्पल राहू दे बाहेर.

आला गं. बसलाय समोर. हसायलाय तसाच… फोन घेत न्हाई म्हणतो. म्हणतो, तिला सांग सुखी राहा… सुखी राहा म्हणतोय तुला. ऐकलंस?

अंगद, माझ्याकडं बघ. न्हाई, खाली नको, माझ्याकडं. मी तुला एक इचारते, मला खरं सांग. मी रागवणार न्हाई. रडले तर रडू दे मला… मठाचे बाबा त्र्यंबकला हाईत. परत आलेले न्हाईत. मला कळलं. उद्या दीक्षा न्हाई, मला कळलंय… उठू नको. बस. बस ना राजा.

अंगद… तुला जीव द्यायचाय का?

…

…

नर्मदे… हसू गेलं गं त्याचं. निसता बघायलाय माझ्याकडं… हो, खुर्ची जवळ ओढली मी.  बघू दे त्याला…

…

हो म्हणला.

नर्मदे, 'हो' म्हणला गं तो.

… मान हलवली आधी. मंग तोंडानं म्हणला. म्हणतो, 'अक्का, मला मरायची लय हौस न्हाई. मला निसतं हे थांबायला पायजे. चिलमीनं बी थांबत न्हाई आता, जास्तच होतंय.' … अंगद, सांग, सांग. नर्मदा बी ऐकायलीय. बोल… म्हणतो, पाया पडायला लोक यायलेत आन् ह्याला वाटायलंय, कुणी तरी म्हणंल, अरे तू काय करायलास. एक माणूस म्हणला न्हाई. आमी सगळे नारळ फोडायलो…

हो रे. हो. चुकलं आमचं. लय चुकलं. तू बोल.

अं?… नर्मदे, काय?… हो. आज रातच्या गाडीनं तू निघायलीस? सुट्टी देतील का तुला?… मंग मी सकाळी ठेसनावर न्हाई येणार, दाजी येतील घ्यायला. मी ह्याला सोडून हलणार न्हाई. मंग परतीच्या गाडीनं आपुन तिघं… हो, डॉक्टरांना सांगून ठिव. मायला मी बलावून घेते इथं. गावजेवण गेलं खड्ड्यात. लोकांना काय सांगायचं ते दाजी सांगतील. म्हणावं दीक्षा न्हाई, माणूस बिमार हाय, दवाखान्यात न्यायलोय. त्यात कसली लाज…

अंगद, ऐकलंस का? नर्मदा यायलीय. सकाळी. तुला न्यायला यायलीय… अरे… अरे अंगद…

न्हाई, काही न्हाई, घाबरू नको नर्मदे. रडायलाय. पडला गं माझ्या मांडीवर. लेकरासारखा रडायलाय… हो, मी हाय. मी हाय रे इथं. रड तू.

ऐक, मी आता ठिवते… न्हाई, धीर हाय मला. पण एका हातात तुझा फोन हाय, आन् एका हातानं ह्याला धरवत न्हाई मला. ठिवते गं.